गादी सरकली: ऑपरेशन कोणतं, आणि केव्हा?

मुलुंड-घाटकोपरच्या मंडळींपुढे कंबरदुखीवर बोलायचं म्हणजे निम्मं सभागृह अनुभवी असतं! मला नेहमी विचारतात, “डॉक्टर, दुर्बिणीतून करू की साधं?” तिथूनच सुरुवात करू.

आपण ‘गादी सरकली’ म्हणतो; खरं तर गादी जागची हलत नाही. दोन मणक्यांमधल्या चकतीचं कडं फाटतं, आतला मऊ गर बाहेर येतो आणि पायाकडे जाणारी नस दाबतो. म्हणून कळ कुल्ल्यापासून पोटरीपर्यंत उतरते. ऑपरेशन त्या नसेसाठी असतं. पाय दुखायचा बराचसा थांबतो. नुसती कंबर दुखत असेल तर तेवढी खात्री नाही.

१९३४ साली बॉस्टनच्या मिक्स्टर आणि बार यांनी हा आजार ऑपरेशननं बरा होतो हे दाखवलं. तेव्हा मागचं हाड बरंच काढावं लागे. १९७७च्या सुमारास मायक्रोस्कोप आला, छेद लहान झाला. १९९७मध्ये स्नायू न कापता बाजूला सारून आत जाणारी नळी आली. आता दुर्बिणीतून सेंटिमीटरभर छेदातून, अनेकदा नुसती जागा बधिर करून काम होतं.

मग नवं ते चांगलं का? नेदरलँड्समध्ये ३२८ रुग्णांवर नळी आणि मायक्रोस्कोप यांची तुलना झाली, निकाल २००९ साली आला. नळी सरस ठरली नाही. २०२२ साली तिथल्याच ६१३ रुग्णांच्या अभ्यासात दुर्बीण मायक्रोस्कोपपेक्षा कमी पडली नाही. म्हणजे रस्ते वेगळे, मुक्काम एकच. सर्जनचा हात कोणत्या रस्त्यावर बसलाय, ते बघा.

आणि स्क्रू? पूर्वी शीवच्या हॉस्पिटलमध्ये असलेले डॉ. पी. एस. रामाणी यांचं नाव ज्या ‘प्लिफ’शी जोडलं जातं, त्यात दोन मणके एकमेकांना सांधतात. मणका अस्थिर असेल तर त्याचा उपयोग. पहिल्यांदाच गादी फाटली असेल तर सहसा त्याची गरज नसते. कुणी सुचवलं तर ‘का?’ असं जरूर विचारा.

आता ‘केव्हा’. दीड ते तीन महिने पाय दुखणाऱ्या २८३ जणांचा डच अभ्यास २००७ साली आला. लवकर ऑपरेशन केलेल्यांना आराम लवकर पडला. पण वर्षअखेरीस थांबलेलेही जवळजवळ तितकेच बरे होते. तेव्हा रोज बोरिवली-चर्चगेट उभ्यानं जाणारा, रजा संपलेला माणूस आणि घरी आराम करू शकणारे आजोबा, दोघांचं उत्तर वेगळं असू शकतं. दोन्ही बरोबर.

एक अपवाद मात्र लक्षात ठेवा. लघवी अडली, शौचावरचा ताबा गेला, जांघेत बधिरपणा आला किंवा पाऊल लुळं पडलं, तर सकाळची वाट बघू नका. त्याच रात्री हॉस्पिटल गाठा. तिथे छेद किती मोठा हा प्रश्नच नसतो. प्रश्न तासांचा असतो.

आता तुमचे प्रश्न घेऊ.