जळतो तो ड्रायव्हर

"रस्त्यावर एलईडी लावले आणि दोन वर्षांत बंद पडले. जुने सोडियमच बरे होते!" हे वाक्य कुठल्याही पारावर ऐकू येतं. पण वायरमनने बंद फिटिंग उतरवून उघडलं की एलईडीची पाटी बहुतेक वेळा शाबूत निघते. कपॅसिटर फुगलेला असतो तो ड्रायव्हरमध्ये, म्हणजे एलईडीला वीज पुरवणाऱ्या सर्किटमध्ये. विजेचा दाब एकदम चढला, की आधी मान टाकतो तोच. खोक्यावरचे ५०,००० तास एलईडीचे. त्यातही तेवढ्या तासांनी दिवा विझेल असं नाही. उजेड मूळच्या ७० टक्क्यांवर येईल, एवढाच त्याचा अर्थ. रोज १२ तास धरले तर अकरा वर्षं होतात. ड्रायव्हरच्या हमीचं काय, हे निविदा काढतानाच विचारायला हवं.

सोडियम म्हणजे निव्वळ उधळपट्टी, हेही खरं नाही. वॅटमागे शंभरएक ल्युमेन तोही देतो. पण त्याचा उजेड चहूकडे फेकला जातो. काही फिटिंगमध्येच जिरतो, काही आभाळात आणि समोरच्याच्या गॅलरीत. वर चोक वीज खातो ती वेगळीच. एलईडीचा उजेड थेट रस्त्यावर टाकता येतो, खरी बचत तिथे आहे. २५० वॅटचा सोडियम चोकसकट २७५च्या घरात जातो. १२ तासांना ३.३ युनिट. त्या जागी १२० वॅटचा एलईडी लावला तर १.४४.

मग पालिका श्रीमंत का होत नाही? २०१५च्या राष्ट्रीय पथदिवे योजनेत सुरुवातीचा खर्च ईईएसएल ही सरकारी कंपनी करते आणि पालिका तो वाचलेल्या पैशातून हप्त्यांनी फेडते.

डोळ्यांत खुपणाऱ्या पांढऱ्या उजेडाचं खापरही एलईडीवरच फुटतं. रंग मात्र खरेदी करणाराच निवडतो. २०१५मध्ये मरीन ड्राइव्हचा सोनेरी हार पांढरा झाला तेव्हा मुंबईकर चिडले, ते योग्यच होतं. पण पिवळसर छटेचे एलईडी तेव्हाही मिळतच होते. अमेरिकन मेडिकल असोसिएशननेही २०१६मध्ये रस्त्यांसाठी ३,००० केल्विन किंवा त्याहून कमी, म्हणजे पिवळसरच, उजेड सुचवला.

पेंच व्याघ्र प्रकल्पालगतच्या गावांत तर शंभरावर दिवे बदलून खाली तोंड असलेले लावले. उजेड रस्त्यावर पडतो, वर आकाशगंगा दिसते. जानेवारी २०२४मध्ये पेंच भारतातलं पहिलं 'डार्क स्काय पार्क' ठरलं.