लेखांक ५ : ड्राय सिरपच्या बाटलीचं गणित

साध्या सर्दीखोकल्याला अँटिबायोटिक का लागत नाही, हे मागच्या आठवड्यात पाहिलं. या वेळी धरून चालू, की ते खरंच लागलंय. डॉक्टरांनी मुलाला तपासलंय, जिवाणूंचाच संसर्ग आहे, औषधही योग्य निवडलंय. तरीही घरी आल्यावर सगळ्याचा विचका व्हायला पाच मिनिटं पुरतात.

लहान मुलांची बरीच अँटिबायोटिक्स ड्राय सिरप म्हणून मिळतात. अमॉक्सिसिलिन पाण्यात फार दिवस टिकत नाही. त्याच्या जोडीला अनेकदा असणारं क्लॅव्ह्युलॅनिक अ‍ॅसिड तर त्याहून नाजूक. म्हणून कंपनी कोरडी पावडर पाठवते आणि औषध तयार करण्याचं शेवटचं काम आपल्या ओट्यावर होतं. काही खोक्यांत पाण्याची छोटी बाटली सोबत येते. नसेल तर पाणी उकळून पूर्ण गार करून घ्यायचं. कोमटसुद्धा नको, उष्णतेने औषध खराब होतं. आधी बाटली हलवून तळाशी बसलेली पावडर मोकळी करायची, थोडं पाणी घालून चांगलं घुसळायचं, मग रेघेपर्यंत पाणी भरायचं. इथे एक मेख आहे. हलवल्यावर फेस येतो आणि औषध रेघेला टेकल्यासारखं दिसतं. फेस बसला की पातळी खाली जाते. तेव्हा पुन्हा पाणी घालून रेघ गाठली नाही, तर प्रत्येक चमच्यात ठरल्यापेक्षा जास्त औषध जातं. पाणी रेघेच्या वर गेलं, तर कमी. आणि नंतर प्रत्येक वेळी बाटली हलवायचीच. नाहीतर सुरुवातीचे डोस फिके आणि तळाचे तीव्र.

आता खोक्यावरचे आकडे. मुलाचा डोस वयावर नव्हे, वजनावर ठरतो. समजा डॉक्टरांनी २२८.५ची बाटली आणि '५ मिलि, दिवसातून दोनदा' असं लिहिलंय. म्हणजे दर ५ मिलिलिटरमध्ये २०० मिलिग्रॅम अमॉक्सिसिलिन आणि २८.५ मिलिग्रॅम क्लॅव्ह्युलॅनिक अ‍ॅसिड. दुकानात ती संपलेली असते. 'ताई, हे घ्या, तेच आहे, कंपनी फक्त वेगळी,' असं म्हणत पुढे येते ४५७ची बाटली. औषध खरंच तेच, पण ४०० अधिक ५७. चमचा तोच राहिला आणि डोस दुप्पट झाला. उलट झालं, तर मुलाला निम्मंच औषध मिळतं. ताप हटत नाही आणि दोष औषधाला जातो. त्यामुळे चिठ्ठीवरचा आकडा आणि खोक्यावरचा आकडा दुकानातच, पैसे देण्याआधी जुळवून पाहावा. जुळत नसेल तर डॉक्टरांना फोन करावा. चिठ्ठीवर नुसतं '१ चमचा' असेल, तर 'म्हणजे किती मिलि?' हेही तिथेच विचारावं. स्वयंपाकघरातले चमचे लहानमोठे असतात. सोबतचं मापाचं झाकण सपाट जागेवर ठेवून, डोळ्यांच्या रेषेत आणून वाचायचं. तान्ह्या बाळासाठी सुई नसलेली सिरिंज सगळ्यात बरी. गालाच्या आतल्या बाजूला हळूहळू सोडता येतं. दुधाच्या भरल्या बाटलीत औषध मिसळू नये. बाळाने अर्धं दूध टाकलं, तर पोटात किती गेलं हे कुणालाच सांगता येणार नाही.

मोठा आकडा म्हणजे भारी औषध, हा समज मात्र चिवट आहे. त्यातूनच 'जरा स्ट्राँग द्या' ही फर्माईश येते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ साली अँटिबायोटिक्सचे तीन गट केले : नेहमी वापरायची, जपून वापरायची आणि शेवटचा उपाय म्हणून राखून ठेवायची. आपल्याकडे साधं वाटणारं अमॉक्सिसिलिन पहिल्या गटात आहे आणि मुलांच्या न्यूमोनियावर घरी द्यायचं पहिल्या पसंतीचं औषध तेच आहे. घरोघरी ओळखीची झालेली सेफिक्सीम आणि अ‍ॅझिथ्रोमायसिन दुसऱ्या गटात, म्हणजे जपून वापरायची. स्ट्राँग मागून आपण फक्त पुढचं हत्यार आधी बोथट करतो.

सगळ्यात सहज होणारी चूक बेरजेची आहे. ३० मिलिची बाटली, ५ मिलि दोनदा, म्हणजे दिवसाला १० मिलि. तीन दिवसांत बाटली रिकामी. चिठ्ठीत पाच दिवस लिहिलेले असतात, पण तोवर ताप उतरलेला, मूल खेळायला लागलेलं. 'बाटली संपली, कोर्स संपला' म्हणून प्रकरण मिटतं. पाच दिवसांना ५० मिलि, म्हणजे दोन बाटल्या लागतात. दुसरी पहिली संपेपर्यंत कोरडीच ठेवायची.

किती दिवस, हे मात्र आजारावर आहे. 'जास्त दिवस तितकं चांगलं' हे आता कुणी मानत नाही. घरी उपचार करण्याजोग्या न्यूमोनियाला तीन ते पाच दिवस पुरे पडतात. स्ट्रेप्टोकोकसमुळे घसा आला असेल, तर अमॉक्सिसिलिन सहसा दहा दिवस देतात, कारण तिथे खरी धास्ती असते ती संधिवाताच्या तापाची आणि त्यातून हृदयाच्या झडपा खराब होण्याची. दिवस डॉक्टरांनी ठरवावेत, बाटलीच्या आकाराने नव्हे.

दोन बाटल्यांतलं १० मिलि उरतं आणि फ्रिजच्या दारात जाऊन बसतं. अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनिक अ‍ॅसिड कालवल्यावर फ्रिजमध्येही साधारण सात दिवसच चालतं. पावडरवर छापलेली एक्सपायरीची तारीख त्यानंतर कामाची नाही. म्हणून कालवल्याची तारीख पेनाने लेबलवर लिहावी आणि उरलेलं औषध धाकट्याच्या पुढच्या तापासाठी जपू नये. त्याचं वजन वेगळं, आजार वेगळा आणि औषध तोवर निकामी.

(पुढच्या आठवड्यात : अमॉक्सिसिलिन घेताना अंगावर पुरळ आलं, म्हणजे अ‍ॅलर्जीच का?)