काशी : गल्ल्यांची आणि वल्लींची

काशीला जाणारा मराठी माणूस दोन-तीन दिवस राहतो. विश्वनाथ, अन्नपूर्णा, काळभैरव, गंगास्नान, दशाश्वमेधाची आरती, एखाद्या पितराचं श्राद्ध, शेवटच्या दिवशी साडीची खरेदी आणि सवड मिळालीच तर सारनाथ. यात्रा पूर्ण होते, पण काशीतली माणसं पाहायची राहून जातात. माझ्या मते काशीचं खरं वैभव माणसांत आहे. या शहराने माणसाला स्वतःच्या तऱ्हेने जगायची मुभा दिली, त्याच्या लहरीला मान दिला, आणि ती मुभा इथल्या मराठी वस्तीनेही चारशे-साडेचारशे वर्षं मनसोक्त वापरली.

लोकसंख्येच्या हिशेबाने वाराणसी केव्हाच मोठं शहर झालं. पण पक्क्या महालातल्या, म्हणजे घाटांच्या वरच्या दगडी वस्तीतल्या माणसाला विचारा, तो आपला मोहल्ला सांगेल. ब्रह्माघाट, चौखंबा, अस्सी, कबीरचौरा हे प्रत्येकी एक छोटं गावच. त्याचा स्वतःचा पानवाला, आखाडा, वैद्य, देऊळ आणि त्याची स्वतःची वल्लीही. एका हाताला भिंत आणि दुसऱ्या हाताला सांड अशी गल्ली. तिथे कोणी कोणाला ओळखत नाही, असं होऊच शकत नाही.

दिवस उजाडण्याआधी सुरू होतो. घाटावर घाटिये, म्हणजे घाटावरचे पंडे, आपापल्या बांबूच्या छत्र्यांखाली बसलेले असतात. त्यांच्यापुढे आरसा, फणी, गंध. नेहमीचा स्नानार्थी कपडे त्यांच्या हवाली करून पाण्यात उतरतो. मग आखाडा, मग कचोरी-जिलबी. हिवाळ्यात ठठेरी बाजार आणि चौखंब्याच्या बाजूला मलइयो मिळतो. दूध आटवून रात्री उघड्या आभाळाखाली दवात ठेवतात, पहाटे ते घुसळतात आणि वर येणारा फेस केशर-वेलची घालून कुल्हडात भरतात. जिभेवर ठेवताच तो विरतो. फेस संपला की विक्रेता त्याच कुल्हडात वर थोडं केशरी दूध ओततो. दुपारपर्यंत सगळं आटोपतं. थंडी आणि दव नसेल तर मलइयो नाही. यंत्र लावून बारमाही विकावा असं कोणाच्या मनात आलं तरी दवाची सोय कशी करणार?

पानाचंही तसंच. बनारसी माणूस पान चघळत नाही, तोंडात धरून विरघळू देतो. त्या वेळात त्याला काही विचारलं तर तो मान वर करून हुंकार देतो. काम कितीही निकडीचं असो, पान विरघळेपर्यंत थांबावं लागतं. सुट्टीच्या दिवशी हाच माणूस गमछा खांद्यावर टाकून ‘बहरी अलंग’ला जातो, म्हणजे गंगेपल्याड किंवा गावाबाहेर. तिथे भांग घोटायची, कपडे धुवायचे, डुंबायचं, बाटी-चोखा खायचा आणि सूर्य कलला की परतायचं. यात पैसा जवळजवळ लागत नाही. रिक्षावाला आणि शेठ एकाच वाळूवर बसतात. काशीच्या मस्तीचं मला सर्वांत जास्त अप्रूप वाटतं ते यासाठी.

या शहराची नेमनिष्ठाही लहरीइतकीच टोकाची आहे. गंगेपलीकडच्या रामनगरच्या रामलीलेचे ‘नेमी’ हे त्याचं उदाहरण. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात काशीनरेशांनी उभी केलेली ही रामलीला अनंत चतुर्दशीला सुरू होते आणि महिनाभर चालते. ध्वनिक्षेपक नाही, विजेचे दिवे नाहीत. पेट्रोमॅक्स आणि मशाली. अयोध्या एकीकडे, जनकपूर दुसरीकडे, लंका आणखी लांब. प्रसंग बदलला की हजारोंचा समुदाय पात्रांमागे चालत जातो. महाराज हत्तीवर किंवा बग्गीत येतात. नेमी रोज हजर असतो. नाव करून नदी ओलांडायची, स्नान, शुभ्र धोतर, कपाळी चंदन, कानात अत्तराचा फाया, हातात काठी आणि रामचरितमानसाची छोटी पोथी. रामायणी गाऊ लागले की हा टॉर्चच्या उजेडात ओळीवर बोट ठेवून वाचतो. दुकानदार महिनाभर दुकान लवकर बंद करतात, नोकरदार रजा साठवून ठेवतात. घरातल्या कार्याच्या तारखासुद्धा रामलीला पाहून ठरतात.

लक्ष्मीपूजनानंतर चौथ्या दिवशी, कार्तिक शुद्ध चतुर्थीला, तुळशीघाटावर नागनथैया होते. घाटावर कदंबाची भलीमोठी फांदी रोवतात. कृष्ण झालेला मुलगा तिच्यावर चढतो. घाट, गच्च्या, नावा माणसांनी ओसंडलेल्या. काशीनरेशांची नाव समोर. मावळतीच्या सुमारास तो पाण्यात उडी घेतो आणि थोड्याच वेळात कालियाच्या फण्यावर मुरली धरून उभा राहतो. सगळा प्रसंग काही मिनिटांचा. तो तुलसीदासांनी सुरू केला, असं परंपरा सांगते. एवढ्या क्षणासाठी लाखभर माणसं दुपारपासून बसून असतात, म्हणून काशीत याला ‘लक्खा मेळा’ म्हणतात. चेतगंजची नक्कटैया, नाटी इमलीचा भरतमिलाप आणि रथयात्रा हे असेच आणखी तीन.

हसण्यालाही इथे उत्सवाचा दर्जा आहे. 1 एप्रिलला गंगेकाठी महामूर्ख मेळा भरतो. गाढवाच्या ओरडण्याने उद्घाटन, नवरीच्या वेषात पुरुष, नवऱ्याच्या वेषात बाई, उलटेसुलटे मंत्र, आणि लग्न लागताक्षणी मोडायचं. शहरातले डॉक्टर, वकील, प्राध्यापक त्यात मनापासून भाग घेतात. हा वारसा भारतेंदू हरिश्चंद्रांपर्यंत नेता येतो. 1850 साली चौखंब्यातल्या धनाढ्य घरात जन्मलेल्या या माणसाने आधुनिक हिंदी साहित्याचा पाया घातला, वडिलोपार्जित संपत्ती पुस्तकं, मित्र, गुणीजन आणि अत्तर यांवर उधळली आणि 1885 मध्ये चौतिसाव्या वर्षी जगाचा निरोप घेतला. एक माणूस खडावा घालून गंगा पार करणार, अशी 1 एप्रिलची आवई उठवून त्यांनी गावाला घाटावर जमवलं होतं, ही कथा काशीत अजून सांगतात.

मराठी वाचकाने भारतेंदूंचं अपुरं राहिलेलं ‘प्रेमजोगिनी’ हे नाटक मुद्दाम पाहावं. काशीतल्या बऱ्यावाईट माणसांची छायाचित्रं काढावीत तसं ते लिहिलेलं आहे, आणि त्याच्या एका प्रवेशात काशीतली दक्षिणी ब्राह्मण मंडळी बुभुक्षित दीक्षिताच्या बैठकीत जमून चक्क मराठीत बोलतात. कोणाचं नाव गप्प पंडित, कोणाचं चंबूभट्ट. विषय जेवणावळी, दक्षिणा आणि भांग. भारतेंदूंनी त्यांच्यावर कोरडे ओढले आहेत, पण त्यात ओळखीची ऊबही आहे. हिंदीच्या पहिल्या आधुनिक नाटककाराला मराठी इतकी जवळून ऐकू येत होती आणि ती रंगमंचावर आणावीशी वाटली, यावरून त्या काळी काशीच्या गल्लीत आपली माणसं किती मुरली होती ते कळतं.

ही मंडळी आली तरी कुठून? पैठणच्या भट्ट घराण्याने सोळाव्या शतकात काशीत बस्तान बसवलं. त्यातल्या नारायणभट्टांनी विश्वनाथाच्या मंदिराची पुन्हा उभारणी करवली. त्याच घराण्यातल्या गागाभट्टांनी 1674 मध्ये रायगडावर शिवरायांना राज्याभिषेक केला. एकनाथांनी पैठणला आरंभलेली भागवताची टीका काशीतच पूर्ण झाली, शके 1495 च्या म्हणजे 1573 च्या कार्तिक पौर्णिमेला. प्राकृतात भागवत लिहिलं म्हणून काशीच्या पंडितांनी आधी त्यांना जाब विचारला आणि मग ग्रंथाची मिरवणूक काढली, अशी कथा आहे. एखाद्याशी कडाडून भांडायचं आणि पटलं की खांद्यावर घ्यायचं, हा काशीचा स्वभाव त्या कथेत पुरता उतरला आहे.

पेशवाईत ओघ वाढला. पहिल्या बाजीरावांच्या मातोश्री राधाबाई 1735 मध्ये काशीयात्रेला आल्या. पेशव्यांचे गुरू नारायण दीक्षित पाटणकर काशीतच राहिले. अहल्याबाई होळकरांनी विश्वनाथाचं सध्याचं मंदिर 1780 च्या सुमारास उभं केलं. पंचगंगेवरचं बिंदुमाधवाचं देऊळ औंधच्या पंतप्रतिनिधींचं. भोसले घाट नागपूरकरांचा, शिंदे घाट ग्वाल्हेरच्या बायजाबाईंचा. दुसऱ्या बाजीरावांचे भाऊ चिमाजी आप्पा इथे राहिले. त्यांच्या पदरी असलेल्या मोरोपंत तांब्यांची मुलगी मणिकर्णिका भदैनीत जन्मली आणि पुढे झाशीची राणी झाली. घाट बांधणाऱ्यांची नावं यात्रेच्या पुस्तकात सापडतात. त्या घाटांच्या मागे ब्रह्माघाट, दुर्गाघाट, रामघाट, पंचगंगा या पट्ट्यात पिढ्यान्‌पिढ्या नांदलेली वैदिक, ज्योतिषी, वैद्य, मल्ल आणि मुनीम यांची घरं मात्र कोणी फारशी पाहत नाही. या घरांत आईशी मराठी आणि दारातल्या पानवाल्याशी काशिका बोली चालते. आंग्र्यांच्या वाड्यातला गणेशोत्सव एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून चालू आहे. एकेकाळी दुर्गाघाटची ‘मुक्की’ सगळ्या बनारसात गाजलेली होती. तरुण नुसत्या मुठींनी भिडत आणि वेदपाठ करणारी पोरंही त्यात मागे नसत.

या वस्तीने काशीला एकाहून एक अवलिये दिले. बापूदेवशास्त्री (1821–1900) नगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातल्या टोके गावच्या घराण्यातले. बनारसच्या संस्कृत कॉलेजात गणित आणि ज्योतिष शिकवणाऱ्या या शास्त्रीबोवांनी पंचांग प्रत्यक्ष आकाशाशी जुळलं पाहिजे असा आग्रह धरला आणि इंग्रजी नाविक पंचांगाच्या आधाराने स्वतःचं पंचांग छापायला सुरुवात केली. सनातन्यांच्या गावात राहून असं करायला विद्वत्तेइतकीच छाती लागते. बाबूराव विष्णू पराडकर 1883 साली काशीतल्या मराठी घरात जन्मले आणि हिंदी पत्रकारितेचे भीष्म पितामह ठरले. बंगालीत ‘देशेर कथा’ लिहिणारे सखाराम गणेश देउस्कर हे त्यांचे मामा. ‘आज’ दैनिक 1920 मध्ये निघालं आणि पराडकरांच्या लेखणीने मोठं झालं. सविनय कायदेभंगाच्या काळात ते बंद ठेवावं लागलं, तेव्हा पराडकरांनी ‘रणभेरी’ नावाचं गुप्त पत्र चालवलं. काशीतलं पत्रकारांचं भवन आजही त्यांच्या नावाने ओळखलं जातं. महाराष्ट्रात मात्र पराडकरांचं नाव किती जणांना ठाऊक आहे? ही उपेक्षा मला खुपते.

मराठी वस्तीबाहेरचे अवलियेही तितकेच मोठे. पंचगंगेजवळच्या बालाजी मंदिरात बिस्मिल्ला खाँ तरुणपणी तासन्‌तास सनईचा रियाज करत. 2001 मध्ये भारतरत्न मिळाल्यावरही ते बेनियाबागेजवळच्या त्याच जुन्या घरात राहिले आणि सायकलरिक्षातून फिरले. परदेशात स्थायिक होण्याचं आमंत्रण आलं, तेव्हा तिथे माझी गंगा आणाल का, असं त्यांनी विचारलं. पाच वेळा नमाज, मोहरमला अनवाणी नोहा आणि देवळाच्या पायरीवर सनई. हे सगळं एका माणसात सुखाने नांदलं आणि गल्लीला त्यात काही वेगळं वाटलं नाही.

तुळशीघाटावरचे वीरभद्र मिश्र (1938–2013) तर मला काशीचा सर्वांत नेमका चेहरा वाटतात. संकटमोचन मंदिराचे महंत आणि बनारस हिंदू विद्यापीठात जलअभियांत्रिकीचे प्राध्यापक. 1982 मध्ये त्यांनी संकटमोचन फाउंडेशन काढलं, गंगेच्या पाण्याची नियमित तपासणी सुरू केली, सरकारशी आकडेवारीनिशी भांडले. त्या पाण्यात किती मैला आहे हे त्यांच्याच प्रयोगशाळेने मोजलं होतं. तरीही ते रोज पहाटे त्याच पाण्यात बुडी मारत. श्रद्धा आणि विज्ञान यांतलं एकही सोडायला ते तयार नव्हते.

अस्सीवरच्या चहाच्या दुकानातल्या वल्ली काशीनाथ सिंहांच्या ‘काशी का अस्सी’ने देशभर पोचवल्या. त्याबद्दल पुष्कळ लिहिलं गेलं आहे. एवढंच सांगतो, की तिथली चर्चा शिव्यांसकट ऐकावी. गावाचा लोकशाहीचा वर्ग तो.

आता हे सगळं किती दिवस? 13 डिसेंबर 2021 रोजी विश्वनाथ धामाचं लोकार्पण झालं. तीनशेहून अधिक मालमत्ता त्यासाठी घेतल्या गेल्या, सुमारे तीन हजार चौरस फुटांचा परिसर पाच लाखांवर गेला. दर्शन सोपं झालं, म्हाताऱ्या माणसांचे हाल कमी झाले, अहल्याबाईंचा पुतळाही तिथे आहे. हे मोकळेपणाने मान्य केलं पाहिजे. पण लाहौरी टोल्यासारख्या गल्ल्या गेल्या, आणि गल्ली गेली की ओटा जातो, ओट्यावर बसणारा जातो. पंचगंगेची बाजू या प्रकल्पात आली नाही, तरी मराठी घरांतली मुलं पुण्या-बंगळुरूला नोकरीला गेली आहेत आणि वाड्यांची पाहुणघरं होत आहेत.

तरी उमेद वाटावी असंही घडतं. 2024 च्या जानेवारीत अयोध्येच्या प्राणप्रतिष्ठेचं मुख्य आचार्यत्व करणारे लक्ष्मीकांत दीक्षित काशीच्याच मराठी वैदिक परंपरेतले. घराणं मूळचं सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरचं. त्याच वर्षी जूनमध्ये ते गेले. 2025 च्या अखेरीस अहिल्यानगरच्या देवव्रत महेश रेखे या एकोणीस वर्षांच्या तरुणाने रामघाटाच्या सांगवेद विद्यालयात शुक्ल यजुर्वेदाचं दंडक्रम पारायण, म्हणजे मंत्रांचे शब्द ठरावीक उलटसुलट क्रमाने म्हणणं, 50 दिवसांत पूर्ण केलं. ते कठीण व्रत एका पोराने तोंडपाठ पार पाडलं आणि साऱ्या काशीने त्याची मिरवणूक काढली.

पुढच्या काशीयात्रेत एक दिवस जास्तीचा ठेवा. पहाटे पंचगंगेवर उतरा, कार्तिक असेल तर बांबूंवर टांगलेले आकाशदिवे पाहा, बिंदुमाधवाचं दर्शन घ्या आणि दुर्गाघाट, ब्रह्माघाटाच्या गल्ल्यांतून सावकाश चाला. ओट्यावर बसलेल्या आजी-आजोबांशी मराठीत बोला आणि त्यांची परवानगी घेऊन त्यांच्या आठवणी लिहून काढा. तुमच्या घरी काशीहून आलेली जुनी पत्रं, हिशेबाच्या वह्या किंवा तीर्थोपाध्यायांच्या नोंदींच्या नकला असतील, तर त्या रद्दीत जाऊ देऊ नका. पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळासारख्या संस्थेकडे सोपवा.