पाण्यात पोक काढून चालत नाही!

उद्या सकाळी डोळे उघडले की तोंड धुवायच्याही आधी एक काम करा. भिंतीला टाचा आणि पाठ टेकून ताठ उभे राहा आणि आईला डोक्याच्या उंचीवर पेन्सिलीची खूण करायला सांगा. रात्री झोपायच्या आधी तिथेच पुन्हा मोजा. नवी खूण जराशी खाली आलेली दिसेल. कधी कधी तर जवळजवळ एक सेंटिमीटर!

तुमची उंची गेली कुठे? पाठीच्या कण्यात मणक्यांच्या मधे मऊ चकत्या असतात, एकूण 23. दिवसभर अंगाचा भार पेलताना त्यांतलं थोडं पाणी पिळून निघतं आणि त्या किंचित चपट्या होतात. रात्री आडवं झालं की पुन्हा फुगतात. त्यात आपण मोबाइलवर मान वाकवून तासन्‌तास बसलो की त्यांच्यावर आणखी ताण येतो. आपल्या सोलापुरात मागावर बसणारे, सूप मांडीवर घेऊन विड्या वळणाऱ्या मावश्या, यांना विचारा. वाकून काम करणारी पाठ संध्याकाळी काय म्हणते हे ते नेमकं सांगतील.

आता हीच पाठ पाण्यात न्या. गळ्याइतक्या पाण्यात उभं राहिलं, तर 30 किलोच्या मुलाचा जेमतेम 3 किलोचा भार पायांवर उरतो. बाकीचा पाणी उचलतं. पाठीला केवढी सुट्टी!

पण खरी गंमत पोहायला लागल्यावर कळते. आपल्या छातीत हवेचे दोन फुगे आहेत, म्हणजे फुप्फुसं. म्हणून छाती तरंगते. पायांत हाडं आणि स्नायू, म्हणून पाय बुडू पाहतात. सी-सॉच झाला की हा! तो सरळ ठेवायला पोट, पाठ, कंबर, ढुंगण इथले सगळे स्नायू एकदम कामाला लागतात. ताठ बसायला लागतात तेही हेच स्नायू. वर्गात पोक काढून बसलात तर बाई ओरडेपर्यंत पत्ता लागत नाही. पाण्यात अंग वाकलं की तुम्ही लगेच मंदावता. शिवाय पाणी हवेपेक्षा सुमारे 800 पट दाट, त्यामुळे प्रत्येक हात मारताना जोर लागतो आणि दमही वाढतो.

एक सांगून ठेवते. नुसतं पालथं पोहत राहिलात तर छातीकडचे स्नायू जास्त कमावले जातात आणि खांदे पुढे झुकू शकतात. म्हणून उताणंही पोहायचं. आणि हाडं बळकट व्हायला जमिनीवरच्या उड्या, धावणं हवंच. ते काम पाणी करत नाही.

पाणी माणसाला किती उभं करू शकतं, ते मुरलीकांत पेटकरांना विचारावं. सांगली जिल्ह्यातले हे जवान, उत्तम मुष्टियोद्धे. 1965 च्या युद्धात गोळ्या लागल्या आणि पाय निकामी झाले. उपचार म्हणून पोहायला लागले, आणि 1972 मध्ये जर्मनीतल्या हायडेलबर्गला पॅरालिंपिकमध्ये 50 मीटर अंतर 37.33 सेकंदांत कापून सुवर्णपदक जिंकलं. पॅरालिंपिकमधलं भारताचं ते पहिलं सुवर्ण. 2018 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. ही गोष्ट मी कितीही वेळा सांगितली तरी माझं मन भरत नाही.

आपल्या शुक्रवार पेठेतून सिद्धेश्वर तलाव जवळ आहे, पण पोहायला तिथे नाही हं, शिकवणारे सर असलेल्या पोहण्याच्या तलावावरच जायचं. तुमचे आजोबा कदाचित मळ्यातल्या विहिरीत शिकले असतील, पाठीला पांगाऱ्याचं हलकं लाकूड किंवा वाळलेला भोपळा बांधून. त्यांना विचारा, पहिल्या दिवशी किती गटांगळ्या खाल्ल्या!

आणि तलावावर गेलात की सर जवळ असताना उताणे तरंगा. कान पाण्यात, नजर आभाळाकडे, पोट वर. जमलं? आता स्वतःच्या पायांची बोटं बघायला फक्त डोकं उचला.

कुठे गेले पाय?