आजीचे चार वेढे

आजीच्या गुटीच्या डब्यात हात घाला आणि डोळे मिटून एक वस्तू उचला. बोटाएवढी, खरखरीत, स्क्रूसारखी पिळलेली लागली? मग ती मुरुडशेंग! साताऱ्याच्या डोंगरउतारांवर, सांगलीकडच्या चांदोलीच्या रानात केवणीची झुडपं असतात. त्यांचं हे फळ. आत पाच कप्पे, आणि दोरखंडाला पीळ घालावा तसे ते एकमेकांभोवती गुंडाळलेले. बाळाच्या पोटात मुरडा आला, की आजी सहाणेवर पाणी शिंपडते आणि या शेंगेचे मोजून चार वेढे उगाळते.

मुरडा आणि मुरुडशेंग! नावं जुळी, आणि शेंग दिसतेही पीळ पडलेल्या आतड्यासारखी. “देवानंच खूण करून ठेवलीय बघ,” असं कुणालाही वाटेल. युरोपातही एके काळी लोक म्हणायचे, अक्रोड मेंदूसारखा दिसतो, तेव्हा तो डोक्याला चांगला. पण पडवळ तर सापासारखं दिसतं! मग साप चावल्यावर पडवळाची भाजी टाकायची का?

रूपावरून गुण कळत नाहीत. ते तपासावे लागतात. कसे? चला, जरा उत्तरेकडे जाऊ.

पुण्याकडून येताना शिरवळला नीरा नदी ओलांडली की सातारा जिल्हा लागतो. तिथं शिंदेवाडीत नवरोजी गोदरेज वनस्पती संशोधन केंद्र आहे. नदीपलीकडे, पुणे जिल्ह्यात, परिंचे खोरं आहे. तिथले गावकरी जुलाबावर जी झाडं वापरतात, त्यांतली काही मुंबईच्या ‘फाउंडेशन फॉर मेडिकल रिसर्च’मधल्या डॉ. तन्नाझ बिर्दी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तपासायला घेतली. शिंदेवाडीच्या केंद्रातले वनस्पतितज्ज्ञही त्यांच्या सोबतीला होते.

एक झाड होतं आपलं बेल. कच्च्या बेलफळाचा गर वाळवून त्याची पूड केली. 1 ग्रॅम पूड 16 मिलिलिटर पाण्यात उकळली आणि पाणी आटवून 4 मिलिलिटरवर आणलं. काढ्याची जुनीच रीत ही : सोळा पट पाणी, चौथा हिस्सा शिल्लक.

पहिला प्रश्न सोपा होता. हा काढा जिवाणूंना मारतो का? जुलाब करणाऱ्या जिवाणूंच्या 6 वाणांवर तो घालून पाहिला. मेले किती? एकही वाण हटला नाही!

झालं, बेल नापास? तुम्हीआम्ही वही मिटली असती. संशोधकांनी पुढचा प्रश्न विचारला : जिवाणू पोटात नुसता गेला म्हणून जुलाब होतात का? नाही. त्याला आधी आतड्याच्या भिंतीला चिकटावं लागतं. कुणी भिंतीत घुसतो, कुणी विष सोडतो. ते विषसुद्धा भिंतीला चिकटलं तरच काम करतं. मग त्यांनी काचेच्या बश्यांमध्ये माणसाच्या पेशी वाढवल्या आणि त्यांवर जिवाणू सोडले. काही बश्यांत काढा होता, काहींत नव्हता. काढा असलेल्या बश्यांत जिवाणू कमी चिकटले आणि कमी घुसले. आणखी एका चाचणीत दिसलं, की पटकीचे जंतू काढ्यामुळे विषही कमी बनवत होते. माशी मेली नाही, पण तिला गुळावर बसू दिलं नाही!

हे 2009 साली छापून आलं. पुढच्या वर्षी पेरूच्या पाल्याची पाळी आली. त्याची तऱ्हा निराळी : त्यानं पटकीच्या आणि आमांशाच्या जिवाणूंना थेट दणका दिला. दुखणं एक, वाटा दोन.

पण बशी म्हणजे पोट नव्हे. खरी परीक्षा माणसांत. आता डब्यातलं हळकुंड काढा. सांगलीच्या हळदीला 2018 साली भौगोलिक मानांकन मिळालं, एवढी ती नावाजलेली. हळदीतलं कर्क्युमिन अपचनावर चालतं का, हे थायलंडमध्ये 206 मोठ्या माणसांवर तपासलं गेलं. काहींना कर्क्युमिन, काहींना आम्ल कमी करणारं नेहमीचं औषध, काहींना दोन्ही. गंमत म्हणजे कुणाला काय मिळतंय, हे रुग्णांनाही ठाऊक नव्हतं आणि डॉक्टरांनाही! नाहीतर “मला भारी औषध मिळालं” या आनंदानंच निम्मं पोट बरं वाटायचं. 2023 साली निकाल आला : तिन्ही गटांना जवळपास सारखाच आराम पडला. मात्र त्या होत्या मोजून भरलेल्या कॅप्सूल, चमचाभर हळद नव्हे.

म्हणून रानातलं काही उचलून तोंडात टाकायचं नाही, हं! आणि जुलाब झाले तर आधी जलसंजीवनी : 1 लिटर स्वच्छ पाणी, 6 सपाट चहाचे चमचे साखर, अर्धा चहाचा चमचा मीठ. शरीरातलं पाणी टिकलं पाहिजे. मग डॉक्टर.

तुमचं काम वेगळं. वही घ्या आणि आजीपाशी बसा. कुठलं झाड? मूळ, साल, की फळ? कच्चं की पिकलं? हा प्रश्न विसरू नका. कच्चं बेल जुलाब थांबवायला देतात आणि पिकलेलं पोट साफ व्हायला! उकळायचं की उगाळायचं? संशोधनाची सुरुवात अशाच विचारपुशीनं होते.

आणि आजी म्हणाली “चार वेढे”, तर लगेच विचारा : “आजी, चारच का गं?”