कॅसेट आणि तबकडी : खेळयंत्रांच्या बाजारातील एक झुंज

व्हिडिओ गेम हा काय व्याख्यानाचा विषय झाला, अशी शंका श्रोत्यांपैकी काहींच्या मनात आली असेल. तीत गैर काहीच नाही. आम्हांसही प्रथम तसेच वाटले होते. पण मुलांच्या हातातील एखादी वस्तू उलटीसुलटी करून पाहू लागले, की तिच्यात मोठ्या माणसांच्या व्यवहाराचे धागे कसे गुंतलेले असतात ते ध्यानात येते. त्यातलाच एक धागा आज उलगडून पाहावयाचा आहे.

१९९० नंतरच्या काही वर्षांत आपल्या गावोगावच्या बाजारांत टीव्हीला जोडावयाची स्वस्त खेळयंत्रे मिळू लागली. त्यांत वरून प्लास्टिकची एक चपटी पेटी बसवावी लागे. तिला सारे ‘कॅसेट’ म्हणत. वस्तुतः तिच्यात फीत मुळीच नसे, एक छापील पट्टी आणि तीवर खेळ साठवलेली चिप एवढाच ऐवज. खेळ चालेनासा झाला की पेटीच्या तोंडाशी जोराने फुंकर घालावयाची, हा घरोघरचा रामबाण उपाय होता. खरा गुण फुंकरीचा नसून पेटी काढून पुन्हा बसवण्याचा असावा. पण श्रेय फुंकरीला मिळाले. असो.

ही यंत्रे निन्टेंडो या जपानी कंपनीने १९८३ साली काढलेल्या ‘फॅमिकॉम’ यंत्राच्या नकला होत. आता गंमत अशी, की त्याच यंत्राचे अमेरिकेतील रूप १९८५ मध्ये निघाले, त्याच्या पेट्या मात्र वेगळ्या होत्या. जपानी पेटीला ६० टोके, अमेरिकन पेटीला ७२. शिवाय अमेरिकन यंत्रात व पेटीत एकमेकींना ओळखणाऱ्या दोन चिपा बसवल्या होत्या. ओळख पटली नाही तर खेळ चालू होत नसे. जपानी यंत्राला हे कुलूप नव्हते, म्हणून त्याची नक्कल करणे सोपे गेले आणि ती आपल्या गल्लीबोळांपर्यंत पोचली.

कुलूप कशासाठी? तर त्याआधी अटारी या कंपनीचे काय झाले ते निन्टेंडोने पाहिले होते. अटारीतूनच बाहेर पडलेल्या माणसांनी १९७९ मध्ये ॲक्टिव्हिजन ही कंपनी काढून अटारीच्या यंत्रासाठी खेळ विकावयास आरंभ केला. ते खेळ चांगले होते. पण त्यांच्यामागून आलेल्यांचे तसे नव्हते. कोणीही उठावे, पेट्या भराव्यात आणि दुकानात ढीग घालावा, असे होता होता १९८३ मध्ये अमेरिकेतील तो बाजार कोसळला. निन्टेंडोने यातून घेतलेला धडा साधा होता : पेटी ज्याच्या ताब्यात, बाजार त्याच्या ताब्यात. अमेरिकेत परवाना घेतलेल्या कंपनीस वर्षाला पाचच खेळ काढता येत, आणि पेट्या निन्टेंडोकडूनच, आगाऊ पैसे भरून घ्याव्या लागत. पेटी ही केवळ साठवणीची वस्तू राहिली नाही. ते जकातीचे नाके झाले. पुढचा इतिहास समजावयाचा तर हे नाके सतत डोळ्यांपुढे ठेवले पाहिजे.

१९८८ च्या सुमारास सोनी कंपनीशी निन्टेंडोचा करार झाला. सोनीतील केन कुतारागी या अभियंत्याने निन्टेंडोच्या नव्या यंत्रासाठी ध्वनीची चिप तयार केली होती. त्याच ओळखीतून, या यंत्राला सीडीची जोड द्यावी असे ठरले. परंतु कराराची कलमे अशी होती, की तबकडीवरील खेळांची सूत्रे सोनीच्या हाती जावीत. म्हणजे शेजाऱ्यास ओसरी भाड्याने द्यावी आणि त्याने नाकेच उचलून आपल्या दारात मांडावे, तसे झाले. निन्टेंडोचे प्रमुख हिरोशी यामाउची हे अशा गोष्टी सहन करणाऱ्यांपैकी नव्हते. १९९१ च्या जूनमध्ये शिकागोच्या प्रदर्शनात सोनीने आपले यंत्र जाहीर केले, आणि दुसऱ्याच दिवशी त्याच प्रदर्शनात निन्टेंडोने सांगितले, की आम्ही फिलिप्सबरोबर जाणार! सीडी ही सोनी व फिलिप्स या दोघांनी मिळून घडवलेली वस्तू. तेव्हा हा घाव सोनीला किती झोंबला असेल याची कल्पना करावी.

फिलिप्सबरोबरचा तो बेतही पुढे बारगळला. सोनीने मात्र अपमान गिळला नाही. ३ डिसेंबर १९९४ रोजी तिने जपानमध्ये स्वतःचे यंत्र विकावयास काढले : प्लेस्टेशन. निन्टेंडोचे पुढचे यंत्र, निन्टेंडो ६४, जून १९९६ मध्ये आले, आणि त्यात पुन्हा पेटीच होती.

हा निव्वळ हट्ट होता असे म्हणणे अन्यायाचे होईल. पेटीतील खेळ क्षणात सुरू होतो. प्लेस्टेशनची तबकडी सेकंदाला सुमारे ३०० किलोबाइट वाचे, त्यामुळे मुलांना पडद्याकडे पाहत ताटकळावे लागे. तबकडीची चोरटी प्रतही सहज निघते, आणि तशा प्रती पुढे अमाप निघाल्या. पण दुसरे पारडे पाहा. निन्टेंडो ६४ ची मोठ्यात मोठी पेटी ६४ मेगाबाइटांची, तर सीडीवर साडेसहाशे मावत. याहून महत्त्वाचा हिशेब व्यापाऱ्याचा होता. पेट्या महाग, आणि त्यांची मागणी पुष्कळ आधी नोंदवावी लागे. अंदाज कमी पडला तर गिऱ्हाईक परत जाई; जास्त झाला तर माल अंगावर पडे. तबकडी स्वस्तात छापून होई, आणि खप पाहून लवकर पुन्हा छापता येई. जकात सोनीही घेत होती, हे विसरू नये. तिने नाके मोडले नाही. दर उतरवला, आणि गाड्यांची रांग तिच्याकडे वळली.

स्क्वेअर ही खेळ रचणारी कंपनी निन्टेंडोच्या घरचीच म्हणावी अशी होती. तिचा ‘फायनल फँटसी ७’ १९९७ च्या जानेवारीत प्लेस्टेशनवर आला, तो तीन तबकड्यांचा होता. हिशेब करणाऱ्याने करावा : पेटीत तो कसा बसणार? अखेर प्लेस्टेशन दहा कोटींवर खपले आणि निन्टेंडो ६४ सव्वातीन कोटींच्या आसपास थांबले.

पुढे सोनीने हेच शस्त्र पुनःपुन्हा उपसले. २००० सालच्या प्लेस्टेशन २ मध्ये डीव्हीडी होती; चित्रपट पाहण्यासाठी वेगळे यंत्र घ्यावयाचे ते घराघरांनी हेच घेतले. निन्टेंडोने २००१ मध्ये तबकडी पत्करली खरी, पण आठ सेंटिमीटरची, दीड गिगाबाइटांची, आणि त्या यंत्रावर चित्रपट पाहता येत नसे. नक्कल टाळावयाची म्हणून गिऱ्हाईकच टाळले, असे आमचे मत आहे.

२००६ मध्ये मात्र सोनीचा डाव तिच्यावरच उलटण्याच्या बेतात होता. व्हीएचएसपुढे तिची बेटामॅक्स हरली होती, ते शल्य होतेच. आता तिची ब्लू-रे आणि तोशिबाची एचडी डीव्हीडी यांची झुंज लागली, तेव्हा सोनीने ब्लू-रे प्रत्येक प्लेस्टेशन ३ मध्ये घातली. यंत्राची अमेरिकेतील किंमत ४९९ व ५९९ डॉलर झाली आणि गिऱ्हाईक बिचकले. प्रतिस्पर्धी मायक्रोसॉफ्टने साध्या डीव्हीडीवरच भागवले. एचडी डीव्हीडीचा जोड हवा असेल त्याने वेगळा घ्यावा. खेळांच्या बाजारात सोनीने पूर्वीचे निर्विवाद अग्रस्थान गमावले. पण लाखो घरांत ब्लू-रे पोचली. जानेवारी २००८ मध्ये वॉर्नर हा चित्रपटसंस्थेचा बडा गड तिच्या बाजूस आला, आणि फेब्रुवारीत तोशिबाने माघार घेतली. एका बाजारात तोटा सोसून दुसऱ्या बाजारातले युद्ध जिंकावयाचे, असा तो प्रकार. २०१३ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या यंत्रातही ब्लू-रेच बसली.

त्याच वर्षी घडलेली एक गोष्ट आम्हांस साऱ्यांत बोलकी वाटते. मायक्रोसॉफ्टने जाहीर केले, की नव्या यंत्रावर तबकडी उसनी देण्यावर व जुनी विकण्यावर बंधने राहतील. सोनीने उत्तरादाखल एक छोटी चित्रफीत काढली : एक गृहस्थ दुसऱ्याच्या हातात खेळ देतो, तो ‘धन्यवाद’ म्हणतो, संपले. जूनच्या १९ तारखेस मायक्रोसॉफ्टने बंधने मागे घेतली. वाचनालयातून पुस्तक आणून शेजाऱ्यास दाखवणाऱ्या आपणा लोकांस त्यात विशेष काय, असे वाटेल. पण ती मुभा टिकली ती स्पर्धा होती म्हणून. प्रतिस्पर्धी नसता तर चित्रफीत कोण काढता?

आज पुष्कळसे खेळ इंटरनेटवरूनच उतरवून घेतले जातात. २०२० साली तर दोन्ही कंपन्यांनी तबकडीवाचून चालणारी यंत्रे काढली. निन्टेंडो २०१७ पासून नखाएवढ्या कार्डावर आली आहे. लहान मुलांनी ते गिळू नये म्हणून त्याला मुद्दाम कडू लेप दिलेला असतो. आम्ही जीभ लावून पाहिली नाही. जून २०२५ मध्ये तिचे पुढचे यंत्र आले, तेव्हा एक नवाच प्रकार दिसला : कार्ड आहे, पण त्यात खेळ नाही, नुसती किल्ली. कार्ड घातले की खेळ कंपनीच्या साठ्यातून उतरवून घ्यावयाचा. हे कार्ड मित्राला देता येते, विकताही येते. तो साठा कंपनीने बंद केला, तर त्या किल्लीने कोणते दार उघडणार, हे मात्र कार्डावर लिहिलेले नाही.