तीन पिढ्यांची राहुटी

दिवाळीची गर्दी ओसरते, लाभपंचमीला पेढीवरील नव्या वह्यांमध्ये पहिली नोंद होते आणि घरातील मुले मोबाइलवरील छायाचित्रे वडीलधाऱ्यांसमोर धरू लागतात. जलाशयाच्या काठी पांढरेशुभ्र तंबू, आत पलंग आणि गालिचा, दारावर दिव्यांची माळ. मुक्कामाच्या या प्रकाराला ‘ग्लॅम्पिंग’ म्हणतात. हा शब्द ऑक्सफर्डच्या शब्दकोशात २०१६ साली दाखल झाला. मात्र कापडी निवाऱ्यात थाटाने राहण्याची कल्पना आपल्याकडे नवी नाही. राहुटी, डेरा, शामियाना, कनात हे शब्द मराठीत शतकानुशतके नांदत आहेत.

छायाचित्रे पाहून घरात एकमत होते. तेवढ्यात आजी शांतपणे म्हणतात, ‘‘तुम्ही सगळे जाऊन या. मी घर सांभाळते.’’

हे वाक्य समंजसपणाचे वाटते. परंतु अनेकदा त्यामागे कोणी न विचारलेले प्रश्न असतात. संध्याकाळचे जेवण सूर्यास्तापूर्वी मिळेल का? पाणी उकळलेले असेल का? रात्री स्वच्छतागृहासाठी अंधारात किती चालावे लागेल? या प्रश्नांची उत्तरे घरात कोणाकडेच नसतात, म्हणून आजी मागे राहतात. मालाचा नमुना हाताळल्याशिवाय सौदा न करणारी मंडळी सहलीचे पैसे मात्र केवळ छायाचित्र पाहून भरतात, हे नवलच. पेढीवरचा चोखपणा आखणीत उतरला, तर आजीही प्रवासाला निघू शकतात.

मुहूर्त व्यापाऱ्याचा आणि ऋतूचा

चातुर्मास कार्तिकी पौर्णिमेला संपतो आणि त्याच सुमारास सह्याद्रीतील व कोकणातील मोकळ्या मुक्कामाचा हंगाम सुरू होतो. पुढे डिसेंबरच्या मध्यापासून मकरसंक्रांतीपर्यंत धनुर्मास असतो. लग्नमुहूर्त नसल्याने कापड, सराफी आणि भांडी या बाजारांत थोडी उसंत मिळते. नाताळ ते नववर्षाचे दिवस मात्र टाळावेत, कारण तेव्हा दर चढे असतात आणि गोंगाटही फार असतो. जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यातील शनिवार-रविवार आणि त्याला जोडून दोन दिवस हा काळ उत्तम. तोवर ११ तारखेचे जीएसटी विवरणपत्रही भरून झालेले असते.

पहिला मुक्काम: पवनेचा काठ

मुंबई आणि पुणे या दोन्ही शहरांतील कुटुंबांना मावळातील पवना जलाशय सोयीचा आहे. सभोवती लोहगड, विसापूर, तुंग आणि तिकोना हे किल्ले उभे आहेत. काठावर तंबूंचे मुक्काम बरेच आहेत, पण सर्वांची प्रत सारखी नाही. काही ठिकाणी केवळ गादी टाकलेला छोटा तंबू असतो, तर काही ठिकाणी लाकडी चौथऱ्यावर उभारलेली आणि स्वच्छतागृह जोडलेली प्रशस्त राहुटी असते. जाहिरातीत दोन्हींना एकच नाव असते. त्यामुळे वाहनतळापासून तंबूपर्यंतचे अंतर, पायऱ्यांची संख्या, पलंगाची उंची आणि कमोडची सोय हे चार मुद्दे फोनवर स्पष्ट विचारावेत. शक्य असेल तर घरातील एकाने आधी प्रत्यक्ष पाहून यावे.

वेळापत्रक हा खरा कळीचा मुद्दा. अशा ठिकाणी सहसा दुपारी आगमन, संध्याकाळी चहा, आठनंतर निखाऱ्यावरील पदार्थ आणि नऊच्या पुढे जेवण असा क्रम असतो. जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात या भागात सूर्यास्त सव्वासहाच्या सुमारास होतो. म्हणजे जेवण सव्वापाचला पानात हवे, आणि त्यासाठी स्वयंपाक चारपासून सुरू व्हायला हवा. सकाळी सूर्योदय सातनंतर होतो. त्यानंतर ४८ मिनिटांनी नवकारशी होते, म्हणून न्याहारी आठला मागावी. या वेळा आगाऊ रक्कम भरण्यापूर्वी लेखी मान्य करून घ्याव्यात.

स्वयंपाकघराशी बोलणी

‘जैन जेवण मिळेल’ एवढ्या आश्वासनावर विसंबून राहू नये. कांदा, लसूण, बटाटा आणि गाजर वगळले जाते, परंतु आले अनेकदा राहून जाते. तयार वाटणात लसूण असतो आणि कोकणातील सोलकढीतही तो सर्रास घालतात. कढई आणि तळणीचे तेल स्वतंत्र आहे का, हेही विचारावे. किनाऱ्यावर मासे हा लोकांचा रोजचा आहार आहे. त्यामुळे तेथे हा प्रश्न नम्रतेने, पण नि:संदिग्धपणे विचारणे योग्य. नकार मिळाला तर राग न मानता दुसरी जागा शोधावी. निम्मा होकार मात्र स्वीकारू नये.

काय नको याच्या यादीबरोबर काय चालेल याची यादी दिली, तर स्वयंपाक करणाऱ्यांचेही काम सोपे होते. दुधी, पडवळ, लाल भोपळा, कच्ची केळी, तांदळाची भाकरी आणि ओल्या नारळाची चटणी एवढ्यात उत्तम पान सजते. खाकरा, मेथीचे ठेपले, भाजलेले मुरमुरे आणि पाणी उकळण्याची किटली घरून न्यावी.

दुसरा मुक्काम: दिवेआगरची वाडी

पवनेहून तिकोनापेठ, कोळवण, पौड आणि ताम्हिणी घाट या वाटेने माणगाव-म्हसळामार्गे दिवेआगरला जाता येते. ज्येष्ठांसोबत थांबत जायचे असल्याने पूर्ण दिवस हाताशी ठेवावा. न्याहारी करून लगेच निघाल्यास संध्याकाळच्या जेवणाची वेळ साधते.

दिवेआगर आणि श्रीवर्धन हा नारळी-पोफळीच्या वाड्यांचा मुलूख. येथील ‘श्रीवर्धनी रोठा’ सुपारी व्यापारात नावाजलेली आहे. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ याच किनारपट्टीवर धडकले आणि पिढ्यान्‌पिढ्या जपलेल्या वाड्या काही तासांत आडव्या झाल्या. पोफळीचे रोप फळाला यायला काही वर्षे जावी लागतात. येथील घरगुती मुक्कामात पाहुण्यांनी दिलेला पैसा थेट अशा कुटुंबांच्या हाती जातो. शाकाहारी जेवण देणारी घरेही येथे आहेत, आणि त्यांच्या हातचे उकडीचे मोदक मुलांच्या लक्षात राहतील.

समुद्राची वेळ कळण्यासाठी घरातील पंचांग पुरते. तिथीच्या अंकाची पाऊणपट केली की भरतीची साधारण वेळ मिळते, हा कोकणातील जुना आडाखा आहे. चतुर्थीला तीनच्या सुमारास भरती, तर त्यानंतर सुमारे सहा तासांनी पूर्ण ओहोटी. पौर्णिमेला हाच हिशेब संध्याकाळी ओहोटी दाखवतो. पाणी दूर गेलेले, ओली वाळू घट्ट आणि सपाट, पश्चिमेला सूर्य मावळत असताना पूर्वेला चंद्र वर येत असतो. इतर पाहुणे रात्रीच्या जेवणाची वाट पाहत असतात, तेव्हा सूर्यास्तापूर्वी जेवलेले कुटुंब निवांत फेरफटका मारू शकते. जी वेळ अडचणीची वाटत होती, तीच संध्याकाळ मोकळी करून देते. ओहोटीची ओढ समुद्राकडे असते, म्हणून पाण्यात खोल मात्र कोणी उतरू नये.

राहुटीतील काळजी

थंडी वाजते म्हणून पेटत्या कोळशाची शेगडी तंबूत कधीही नेऊ नये. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड वायूला रंग नसतो, वासही नसतो, आणि झोपेतच माणसाचा जीव जाऊ शकतो. त्यापेक्षा एक जादा रजई बरी. तंबू नारळाखाली किंवा वाळलेल्या सुरूखाली नसावा. जलाशयात नाव काढण्यापूर्वी प्रत्येकाच्या अंगावर जीवरक्षक जाकीट हवे. जवळच्या रुग्णालयाचा क्रमांक आणि ज्येष्ठांची औषधे कोणा एकाच्या ताब्यात द्यावीत.

हे सारे ठरवायला दोन संध्याकाळी पुरतात. पहिल्या संध्याकाळी चर्चा मुलांनी नव्हे, आजींनी सुरू करावी. त्यांना काय हवे, काय नको, हे वहीच्या पहिल्या पानावर लिहावे आणि जागेची निवड त्यानंतर करावी. पंचांग त्यांच्याच हाती असल्याने भरती-ओहोटीचा हिशेबही त्यांच्याकडेच द्यावा. मग किनाऱ्यावर नातवंडे जेव्हा विचारतील, ‘‘आजी, पाणी आता किती वाजता येणार?’’ तेव्हा उत्तर द्यायला आजी तेथे असतील.